कुंकवाखालची मुदत

कापूरहोळच्या फाट्यावर आम्ही बापलेक मोटारीची वाट बघत उभे होतो, तेव्हा आबांनी बंडीतून लाल फडक्याचं पुडकं काढून माझ्या खिशात कोंबलं. आत माझा मोटार हाकायचा परवाना, भोर संस्थानचा, कोरा करकरीत. त्या खंडेनवमीला आबांनी नांगर, कोयता आणि हा परवाना शेजारी मांडून वर हळदकुंकू वाहिलं होतं. "पोटाला घालतो त्यो देव. पुडकं उगा सोडू नगंस," ते म्हणाले. मी मान हलवली. आमच्या गुंजवण्याच्या खोऱ्यातला पहिला ड्रायव्हर मी, अंगात मस्ती काय कमी होती!

मुंबईत गिरगावातल्या एका शेटजींच्या गाडीवर लागलो, पुढं बिऱ्हाडही तिथंच केलं. तुम्ही गाववाले इकडं भाताचा चिखल तुडवत होता, मी ब्रेक नि क्लच तुडवत होतो. गावी जाणं 'पुढल्या साली' म्हणून ढकलत राहिलो. पण दर दसऱ्याला पुडक्यावर झेंडू वाहायला चुकलो नाही. सोडून मात्र कधी पाहिलं नाही. देवाला कुणी उघडून बघतं का?

एका सकाळी चौकात पोलिसानं गाडी अडवली. मी ऐटीत पुडकं पुढं केलं. त्यानं गाठ सोडली, कुंकू झटकलं आणि ओरडला, "अहो, ह्याची मुदत कधीच संपलीय!"

मुदत? मला वाटायचं, परवाना एकदा मिळाला की मिळाला, बारशाला नाव मिळतं तसा. मागं बसलेले शेटजी लालबुंद झाले. "आठवड्यात नवा आण, नाहीतर दुसरा माणूस बघतो." नोकरी गेली म्हणजे खोली गेली, बायकोपोरं रस्त्यावर. मी तडक भोर गाठलं.

तिथं दुसरा दणका. संस्थान विलीन झाल्याचं कानावर होतं, पण इथं कचेरीवरची पाटीच बदललेली. कारकून आपल्याच बोलीचा. "ऱ्हाता कुठं?"

"मुंबईला."

"मंग हितं का आलाव? तिकडंच काढा. तुमी आता हितलं न्हाई."

घ्या! माझ्याच भोरात हे ऐकायचं! भांडायला पुढं सरसावलो, मग पुडकं उचललं नि मागं फिरलो. तो खोटं कुठं बोलत होता? घराकडं न वळताच मुंबईला परतलो.

तिथल्या कचेरीतल्या साहेबानं मला, अर्धी मुंबई पालथी घातलेल्याला, नवशिक्यासारखं गाडी मागं-पुढं घ्यायला लावलं. पण परवाना मिळाला, नोकरी वाचली. त्यावर लिहिलं होतं, 'राहणार मुंबई'.

त्या दसऱ्याला मात्र गावी गेलो. आबा इतके वाळले होते की उंबऱ्यातच मी त्यांचा हात धरला. सगळी हकिकत ऐकून तेही हबकले. "म्हंजी म्याच तुजी मुदत कुंकवाखाली झाकली व्हय रं?"

मग त्यांनी नांगराशेजारी नवा परवाना पालथा ठेवला आणि पाठीला कुंकवाचं एकच बोट टेकवलं. "म्होरल्या अंगाची मुदत झाकाया नगं. दरसाल उघडून बघत जा त्याच्याकडं." हात पुसता पुसता, माझ्याकडं न बघता म्हणाले, "आन् जमलं तर आमच्याकडंबी."

त्यानंतर माझा एकही दसरा मुंबईत झाला नाही.