बरोबर कोण आहे?

गेल्या वर्षी कॉलेजं सुरू झाली तेव्हा बोरगाव मेघेतल्या माझ्या घरी दर रविवारी एक मुलगी यायला लागली. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचं, दोन तास बसायचं, असा तिच्या कॉलेजातल्या मुलामुलींचा उपक्रम होता. माझं नाव शेजारणीने मला न विचारताच देऊन टाकलं होतं. मला रागच आला. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगा पुण्याला होता, हे खरं. पण स्वयंपाक, बाजार, विहारातली बैठक, सगळं माझं मी करत होते. कुणाची सोबत मी मागितली नव्हती.

पहिल्या दिवशी ती छापील कागद घेऊन आली.

"काकू, तुमचे छंद काय?"

"छंद कायचे? तीस वर्षं बसस्टँडवर पासच्या खिडकीत बसत होती मी. लाइनीत उभे राहा, लाइनीत उभे राहा, हेच म्हणत होती."

तिने ते तसंच लिहून घेतलं. अजिबात हसली नाही. मग मलाच हसू आलं.

ती जाम गावाच्या पलीकडच्या एका खेड्यातली. वडिलांचं जामच्या चौकात पंक्चरचं दुकान. त्या खेड्यातल्या कितीतरी पोरींचे पास मी केले होते, त्यामुळे बोलायला विषय मिळाला. तशी ती फार बोलकी नव्हती. भाजी वाकडीतिकडी चिरायची, मधूनच मोबाइल बघायची. एका रविवारी तर आली आणि दिवाणावर चक्क झोपून गेली. आदल्या आठवड्यात तिच्या परीक्षा झाल्या होत्या. मी पंखा वाढवला, अंगावर चादर टाकली. दोन तासांनी उठली तेव्हा तिचा चेहरा कानकोंडा झाला होता. मला मात्र त्या दिवसापासून ती आवडायला लागली. आपल्या घरी येऊन कुणाला इतकी गाढ झोप लागते, याचं बरं वाटलं.

पोळा होऊन गेला होता. रविवारी आम्ही दोघी खाली बसून सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होतो. कुकरची शिट्टी झाली आणि तिच्या मागोमाग माझ्या तोंडून निघून गेलं, "मले गाठ आहे."

तिचा हात थांबला. "कुठं?"

मी डाव्या छातीकडे बोट दाखवलं.

"कवापासून?"

"तू यायले लागली त्याच्या आधीपासून."

"मंग डॉक्टरले दाखवलं?"

"नाई."

"काऊन?"

का, तर माझी मोठी बहीण याच दुखण्याने गेली. शेवटचे आठ महिने मी तिच्या उशाशी होते. मुलाला कळलं असतं तर तो मला पुण्याला घेऊन गेला असता, इथे कुलूप लागलं असतं आणि ते कुलूप मग कधी निघालं नसतं. रोज आंघोळ करताना मी ती गाठ चाचपायची आणि साडी नेसली की विसरल्यासारखं करायची. हे सगळं मी तिला सांगितलं. आता ही समजावायला लागेल, असं वाटलं होतं.

ती म्हणाली, "काकू, मले तं आयकूनच भेव लागून राह्यलं."

तिचे डोळे भरले होते. आणि खरं सांगते, मला हलकं वाटलं. तीन महिने मी एकटीच घाबरत होते. आता दोघी घाबरलो होतो.

"कोणाले सांगशील नाई," मी म्हणाले.

"नाई सांगत. पण उद्या दवाखान्यात जाऊ. मी येतो तुमच्यासंगं."

"कॉलेज?"

"उद्या काई नाई कॉलेजात."

तिचं प्रॅक्टिकल होतं, हे मला फार पुढे कळलं.

सोमवारी सकाळी ऑटोने गेलो. केसपेपरच्या खिडकीवर मोठी रांग होती. आमची पाळी आली तेव्हा आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "बरोबर कोण आहे?"

कुणी नाही, असं मी म्हणणार इतक्यात ती पुढे झाली. "मी आहो."

"नातं?"

ती गडबडली. "नातं म्हणजे... मी दर रविवारी येतो काकूच्या घरी."

त्या माणसाने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि लिहून टाकलं, 'नात'. रांग लांब असली की खिडकीतलं माणूस असंच करतं. मीही केलेलं आहे.

डॉक्टर बाई शांत होत्या. त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली, छातीचा फोटो काढला आणि म्हणाल्या, सुई घालून थोडं काढून तपासायला पाठवू. सुई मला लागली. चक्कर मात्र हिला आली. नर्सने तिला स्टुलावर बसवलं आणि मीच माझ्या बाटलीतलं पाणी तिला पाजलं. रिपोर्ट शुक्रवारी मिळणार होता.

"घरी माहीत आहे का?" डॉक्टरांनी विचारलं. मी केसपेपरची घडी घालायला लागले. ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली.

बाहेर आल्यावर मात्र ती थांबली. "काकू, मी सांगणार नाई म्हणलं, तं नाईच सांगत. पण तुमीच सांगा. उद्या काई झालं तं तुमचा पोरगा मले विचारन, तुले मालूम होतं, मंग काऊन नाई सांगलं? मी काय सांगू त्याले?"

हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. माझं ओझं मी वीस वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवून मोकळी झाले होते. मला लाज वाटली.

घरी येताच मी मुलाला फोन करून सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "आई, मी येऊ का?" चल, सामान बांध, असं काही तो म्हणाला नाही. येऊ का, एवढंच.

गुरुवारी तो आला. "कुठं राहायचं ते तू ठरव," म्हणाला, "पण मले सांगत जा." पुण्याला इतकी वर्षं राहून त्याचं 'मले' सुटलं नव्हतं.

शुक्रवारी आम्ही तिघं डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला. "काही वाईट नाही निघालं. साधी चरबीची गाठ आहे. सहा महिन्यांनी परत दाखवा."

"परत सांगा," मी म्हणाले. त्यांनी परत सांगितलं.

"बरं झालं बापा!" ही इतक्या जोरात बोलली की दाराबाहेरच्या बायका डोकावल्या. मुलगा रुमालाने तोंड पुसत होता, पुसतच राहिला. आणि मला सडकून भूक लागली. आदल्या संध्याकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. दवाखान्याबाहेरच्या टपरीवर मी दोन आलूबोंडे खाल्ले आणि तिसरा तिच्या प्लेटमधला अर्धा.

घरी येऊन आडवी झाले ती थेट दिवेलागणीला जागी झाले. इतकी झोप कित्येक महिन्यांत लागली नव्हती. स्वयंपाकघरात दोघांचं बोलणं चाललं होतं.

"आईच्या चहात साखर किती?" मुलगा विचारत होता.

"काकू बिनसाखरेचाच घेतात, दादा. तुमाले मालूम नाई?"

"नाई ना. कवापासून?"

मग ती त्याला एकेक सांगत बसली. मी हाक मारली नाही. चहा येईपर्यंत तशीच पडून राहिले.