वाटीची हाक

देवीवर रागवावं की नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. पण त्या चैत्रात मी सप्तशृंगीवर चांगलीच रागावले होते. गावात महिला ग्रामसभा होती. नळाची लाइन आमच्या वस्तीपर्यंत आणायची की चावडीपाशीच थांबवायची, ते तिथं ठरणार होतं आणि वस्तीतर्फे मी बोलणार होते. पण ओसरीवरच्या खाटेवर सासूबाई. अर्धांगवायूनं त्यांची वाचा आणि उजवी बाजू गेल्यापासून त्या फक्त माझ्याच हातून जेवायच्या. याचा मला त्रास होता आणि, खरं सांगते, तोराही होता. आमचे हे भाजी घेऊन पंचवटीच्या बाजारात गेलेले. 'आई, आता तूच बघ,' असं देवीला चिडून म्हणत मी आत भाकरी कुस्करत होते. तेवढ्यात सासूबाईंची वाटी खाटेवर ठणठण वाजली. भूक लागली की त्या डाव्या हातानं वाजवायच्या. "आले हो!" मी खेकसलेच.

बाहेर येऊन पाहते तर खानदेशातून गडावर पायी निघालेली एक म्हातारी खाटेवर टेकलेली. पायांना चिंध्या बांधलेल्या.

"तू जाय सभाले. मी बसस आठे."

"त्या दुसऱ्याच्या हातून खात नाहीत हो."

"तिनीच माले हाक मारी," ती म्हणाली.

वाचा गेलेल्या बाईनं हाक मारली? विचारत बसायला वेळ नव्हता. परक्या बाईवर घर टाकून मी निघाले, वाटभर स्वतःला बोल लावत.

सभेत फार काही बोलले नाही. सासूबाईंचं धुणं-पुसणं करायला विहिरीवरून किती हेलपाटे घालते, तेवढं सांगितलं. लाइन वस्तीपर्यंत आणायचं ठरलं. धावत घरी आले तर म्हातारी निघून गेलेली. ताट रिकामं आणि सासूबाईंची वेणी घातलेली. मागून येणाऱ्या यात्रेकरूंना विचारलं. ती कुणालाच ठाऊक नव्हती.

संध्याकाळी सासूबाई पोटभर जेवल्या. रस्त्यानं यात्रेकरू बायांचा जथा चालला होता. तो दिसताच सासूबाईंनी पुन्हा वाटी वाजवली. दोघी-तिघी वळून ओसरीकडे आल्या.

"आत्याबाई, सकाळीही असंच केलंत?" मी सासूबाईंना विचारलं.

त्यांनी मान डोलावली आणि अर्ध्या ओठांनी हसल्या. आयुष्यभर त्यांनीही त्याच विहिरीचं पाणी डोक्यावर आणलं होतं. मला सभेला जाता यावं म्हणून त्या बोलावत होत्या, आणि मी त्यांच्यावर खेकसले होते. मला रडूच फुटलं.

म्हातारीला सभेचं कुणी सांगितलं, ते मात्र आजवर कळलं नाही. अजूनही चैत्रात मी रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या पायांकडे बघते. माझ्यावाचून अडतं, हा माझा समज देवीनं काढून घेतला, फार बरं केलं. आता सभेच्या दिवशी मी खाट रस्त्याकडे वळवते, वाटी सासूबाईंच्या हाताशी ठेवते आणि निघते.