बुडाची गाठ

गल्लीत त्याला सगळे पोपट म्हणत. विशीत तो एका हॉटेलच्या काउंटरवर लागला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलता बोलता दोन परक्या भाषा त्याच्या जिभेवर आपसूक चढल्या. हॉटेल बंद पडलं, जीभ काही बंद पडली नाही. पुढे प्रवास घडवून आणणाऱ्या एका बाईंनी त्याला हेरलं. त्यांचे पाहुणे एका वेळी सहा-आठच असत. बघण्यासारख्या जागांचा त्यांना कंटाळा. कोणाच्या तरी घरी बसावं, हाताने काहीतरी शिकावं, तिथली माणसं जवळून कळावीत, एवढीच त्यांची हौस. पोपट त्यांना आपल्या वहिनीकडे नेऊ लागला.

वहिनी वेताच्या टोपल्या विणायची. ती लग्न होऊन आली तेव्हा पोपट अर्ध्या चड्डीत होता आणि त्याची आई अंथरुणाला खिळलेली. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत पोचवण्यापर्यंत सगळं वहिनीनेच केलं, पण त्याचं नाक पुसतानासुद्धा ती म्हणायची, "इकडे या बघू, भाऊजी." दादा गेल्यावरही तिने आपली पुढची खोली आणि आपलं काम सोडलं नाही. पोपट आणि त्याची बायको शेजारच्याच दोन खोल्यांत राहत.

वहिनीचं बोलणं मोजकं. पाहुणे चटईवर गोल बसत, मध्ये पाण्याच्या टबात वेत भिजत असे. ती म्हणे, "ओला आहे तोवर वळवा. वाळला की मोडतो." पाहुणे पोपटाकडे बघत. एवढंसं वाक्य त्यांच्या पुढ्यात ठेवायची त्याला लाज वाटे. मग तो पदरचं घालायचा. "वहिनी म्हणते, माणसाचंही तसंच असतं." पाहुणे माना डोलवत. हळूहळू त्याला याची चटकच लागली. वहिनी एक बोले, तो चार सांगे, आणि चारही वाक्यांचं श्रेय वहिनीला देई. यात कोणाचं काय बिघडतंय, असं त्याला वाटायचं.

एकदा एक गट फारच थंड होता. कोणी जांभया देत होतं, कोणी खिडकीबाहेर बघत होतं. वहिनी टोपलीच्या बुडाला गाठ मारून दाखवत होती; कुठल्याही टोपलीला मारावी लागते तशी साधी गाठ. आणि पोपट बोलून गेला, "हिची एक मुलगी होती. चार वर्षांची असताना तापाने गेली. घरात सगळे तिला चिमणी म्हणायचे. प्रत्येक टोपलीच्या बुडाला ही एक गाठ तिच्या आठवणीची मारते."

मुलगी खरी होती. ताप खरा होता. गाठीचं तेवढं खोटं होतं. 'चिमणी' हा शब्दही त्याने त्यांच्या भाषेत करून सांगितला, म्हणून वहिनीच्या कानाला काही लागलं नाही. जांभया थांबल्या. एका बाईंनी डोळे पुसले.

"काय झालं त्यांना?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. तुझं काम फार आवडलं."

वहिनी ओशाळून हसली आणि आत जाऊन चहात जरा जास्त साखर घालून आली. त्या दिवसापासून प्रत्येक गटाला गाठीशी आल्यावर ती हकिगत ऐकायला मिळू लागली. बायको एकदा म्हणाली, "वहिनींना विचारलंत का?" पोपट म्हणाला, "तिला कुठे कळतंय." हे बोलल्यावर त्याला क्षणभर कसंसंच झालं. पण क्षणभरच.

दुसऱ्या वर्षी त्या डोळे पुसणाऱ्या बाई एका नव्या गटाबरोबर परत आल्या. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, घरी एकट्याच राहणाऱ्या. मधल्या काळात त्या मेहनतीने थोडी मराठी शिकून आल्या होत्या. पोपट दारात चपला काढतोय तोवर त्या थेट वहिनीसमोर जाऊन बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि एकेक शब्द जुळवत बोलल्या, "तुमची चिमणी. माझा मुलगा पण. मी पण आता गाठ मारते. घरी. त्याच्यासाठी."

तो शब्द त्या घरात तीस वर्षांत कोणी उच्चारला नव्हता. वहिनीच्या हातातला वेत सुटला. तिने मान वळवून दाराकडे बघितलं.

"भाऊजी, ही कोणती गाठ म्हणते?"

त्याने मान खाली घातली. वहिनीने त्याच्याकडे बघितलं, मग बुडाकडे, मग बाईंच्या चेहऱ्याकडे, आणि तिला सगळं समजलं. बाई वाट बघत होत्या. वहिनीने टबातून एक वेत काढला, बाईंची बोटं त्यावर धरली आणि त्यांच्यासोबत सावकाश ती गाठ मारली. "अशी," ती म्हणाली. बाईंना खोटं पाडायचं तिने टाळलं. पोपटाला वाटलं, हिने चारचौघांत थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

पाहुणे गेल्यावर तो चटया गोळा करत राहिला. चटया संपल्या तरी त्याला वर बघवेना.

"किती जणांना सांगितलंत?"

"सगळ्यांना."

"बरं." ती टबातलं पाणी ओतून आली. "आणि तिचं खरं नाव? तेही सांगितलंत?"

"नाही."

"का?"

त्याने खूप डोकं खाजवलं. चिमणी, चिमणी, एवढंच आठवत होतं. तिला खांद्यावर घेऊन गल्लीभर फिरवणारा तिचा सख्खा काका, आणि त्याला तिचं नाव आठवत नव्हतं. वहिनीला हेही समजलं. ती इतकंच म्हणाली, "उद्यापासून मी बोलेन तेवढंच सांगा, भाऊजी." त्या 'भाऊजी'ने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती रागाने 'तू' म्हणाली असती तरी चाललं असतं.

तेव्हापासून तो तेवढंच सांगतो. "घट्ट ओढा." "आता सोडा." "हे चुकलं, उसवा." काही पाहुणे नाराज होतात, प्रवासवाल्या बाईंनी एकदोनदा विचारलंही, की पूर्वीसारखी मजा का येत नाही. तो म्हणतो, वहिनीचा स्वभावच कमी बोलायचा. हे मात्र खरं आहे.

नाव त्याने पुढे शोधून काढलं. पलीकडच्या घरात एक म्हातारी सुईण राहते, तिला जाऊन विचारलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. "सख्खा काका तू, आणि मला विचारतोस?" तिने नाव सांगितलं. साधं, दोन अक्षरी नाव होतं. ते घेऊन तो वहिनीच्या दारापर्यंत गेला. ती खाली बसून वेत तासत होती. "या," ती म्हणाली, "काही हवंय का?"

"नाही," तो म्हणाला. "असाच आलो होतो."

नाव अजून त्याच्या तोंडातच आहे.