तीन डेमो आणि माझी काळी

माझ्या काळ्या रॅकेटला कुणी नुसता हात लावला तरी माझं डोकं फिरायचं. दिसायला ती काही देखणी नव्हती. फ्रेमचा रंग जागोजागी उडालेला, वजनाला दणकट, आणि ग्रिपवर इतक्या पट्ट्या गुंडाळलेल्या की मूळची मूठ कुठे आहे ते मलाही सांगता आलं नसतं. पण हातात घेतली की ती माझीच. बँकेत दिवसभर लोकांचे केवायसीचे कागद पाहून कावलेलं डोकं संध्याकाळी वाशीमच्या आमच्या त्या सिमेंटच्या टेनिस कोर्टावर ताळ्यावर यायचं, ते तिच्यामुळे. म्हणून डॉक्टरांनी माझं कोपर दाबून पाहिलं आणि "एक तर रॅकेट बदला, नाही तर खेळ सोडा," असं सांगितलं, तेव्हा मी त्यांच्याशी भांडूनच बाहेर पडले.

खरं म्हणजे कोपर वाईटच दुखत होतं. खेळून आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी साधी ओली चादर पिळता यायची नाही. तरी मी गप्प बसले असते. बसू दिलं नाही ते माझ्या मैत्रिणीने. आम्ही दोघी कॉलेजच्या टीममधल्या. पुढे मी बँकेत चिकटले आणि ती शिरपूर रस्त्यावरच्या, वांगी-मेथी-कोथिंबीर पिकवणाऱ्या घरात सून होऊन गेली. मधे कितीतरी वर्षं भेट नाही. मग एकदा बाजारात तिच्याच ढिगातली वांगी निवडताना तिला ओळखलं, आणि आम्ही पुन्हा खेळायला लागलो. कोर्टावर बाकी सगळी साहेबमंडळी. ते तिला खेळायला घेत नसत आणि तीही मागायला जात नसे. तिच्या अख्ख्या दिवसात तेवढा एकच तास तिचा स्वतःचा होता.

"तू सोडशीन तं मी कोनासंगं खेयू? भिंतीसंगं?" ती म्हणाली.

"दुसरी पाह्य कोनी."

"दुसरी भेटली असती तं तुयी इतकी कटकट आयकली असती काय मी?"

तिचा नवरा बियाणं आणायला अकोल्याला जाणार होता. तिने त्याच्या मागे लागून तिथल्या एका खेळाच्या दुकानातून तीन डेमो रॅकेटी मागवल्या. वापरून पाहा, आवडली ती ठेवा, बाकीच्या दसरा झाला की जशाच्या तशा परत करा, एवढीच दुकानदाराची अट. भेंडीच्या बियांच्या पुड्यांबरोबर त्या आल्या. सोयरीक मोडायची ठरवूनच मुलगी पाहायला आलेल्या आत्याबाईसारखी मी कोर्टावर गेले.

पहिली इतकी हलकी की चेंडू थेट कुंपणापलीकडच्या तुरीत. मैत्रीण तुरीत शिरून चेंडू शोधत होती आणि मी इकडे खूश. दुसरी डोक्याकडे जड. सर्व्हिस काय झणझणीत गेली! पण कोपरात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. तीही बाद. तिसरी हिरवी, कच्च्या कैरीच्या रंगाची. तिने पहिल्याच व्हॉलीला चेंडू मनात होता तिथे अलगद नेऊन ठेवला. मला भयंकर राग आला. मग मी काळी घेतली, मग हिरवी, मग पुन्हा काळी. हिचा आवाजच बद्द येतो, हिची मूठ बारीक आहे, आणि हा रंग तरी काय, असं माझं चाललं होतं.

"रंगानं खेयून राह्यली का हातानं?" नेटपलीकडून प्रश्न आला.

एक संध्याकाळ मी फक्त हिरवीने खेळले. दुसऱ्या दिवशी सकाळी चादर पिळली. पाणी निथळेपर्यंत पिळली, आणि तशीच हातात धरून न्हाणीत उभी राहिले. दुखलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता, तर मला रडू आलं. काळीशी मी बेइमानी केली असं वाटायला लागलं. मैत्रिणीला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. तिन्ही रॅकेटी तिच्या घरी नेऊन टाकल्या आणि म्हटलं, "वापस पाठव. मले नाई जमत." तिचा चेहरा उतरला.

दसऱ्याला सकाळी विहारात वंदना करून मी पांढऱ्या साडीतच तिच्याकडे गेले. दर वर्षी जाते. ओसरीवर आदल्या दिवशीची खांडेनवमीची पूजा अजून मांडलेली होती. खुरपी, विळे, फवारणीचा पंप, भाजीचा तराजू, आणि मधोमध पाटावर हिरवी रॅकेट! तारांत झेंडू खोचलेला, आणि पांढऱ्याशुभ्र ग्रिपवर हळदीकुंकवाची बोटं चांगली मुरलेली.

"हे काय केलं वं?" मी ओरडलेच. "वापस द्याची होती ना!"

"मामीजीनं केलं असन," तिने सासूकडे बोट दाखवलं.

"मायं नाव कायले घेतं?" म्हातारी आतून कडाडली. "तूनंच तं पाटावर मांडली. मी इचारलंबी, मच्छर मारायची बॅट काहून पूजून राह्यली म्हून!"

बाकीच्या दोन रॅकेटी कोपऱ्यात, कव्हरमध्ये, जशाच्या तशा होत्या. हळद लागलेली ग्रिप आता कुठला दुकानदार परत घेणार?

"आमच्या घरी अवजारं पूजत नाईत, तुले म्हाईत हाये," मी तणतणले.

"तुयी कुठी पूजली? मी मायी पूजली," ती म्हणाली. "ज्याच्याबिगर अडते ते पूजतेत खांडेनवमीले. खुरप्याबिगर मायं वावर अडते. तुया हाताबिगर मी अडते. त्या दिवशी हिरवीनं खेयली तं एकदाबी कोपर चोयलं नाई तू. मी पाहून राह्यली होती."

माझा राग कुठे गेला ते कळलंच नाही. मी पदराने डोळे पुसले, पाटावरची रॅकेट उचलली आणि तिला म्हटलं, "बूट घाल."

सणाची दुपार, कोर्टावर चिटपाखरू नव्हतं. मी पदर खोचून उभी राहिले. पहिला चेंडू तिने मुद्दाम माझ्या बॅकहँडला मारला, जिथे कोपर हमखास बोंबलायचं तिथे. मी मारला. चेंडू नेटवरून सरळ तिच्या पायाशी जाऊन पडला. तो परत मारायचं सोडून माझी मैत्रीण दोन्ही हात वर करून उड्या मारत ओरडायला लागली, "आला वं माय, आला!"