मुळ्यांची चिठ्ठी

३० मे १९९८ रोजी हरिहर मुळ्यांच्या हातात कमिशनचे १,१४६ रुपये ५० पैसे पडले. रत्नागिरीतल्या एका शाळेत ते कारकून होते आणि हा त्यांचा जोडधंदा होता. माल विकत घ्यायचा नाही, साठवायचा नाही. कोणी सल्ला विचारला, तर ‘अमुक दुकानातून अमुक वस्तू घे’ अशी सहीची चिठ्ठी लिहून द्यायची. चिठ्ठ्या दुकानांत जमा होत आणि वर्षाच्या हिशेबाने टक्केवारी मिळे.

चिठ्ठी कशाची द्यायची, याचा नियम पक्का होता. वस्तू आधी वर्षभर स्वतःच्या घरात वापरायची. स्टोव्ह, पाण्याचा फिल्टर, छत्री, सगळ्यांनी ही परीक्षा दिली होती. बारा महिन्यांत छत्रीची एक काडी जरी सुटली, तरी ती कंपनी बाद.

"आमच्याकडे एकसारख्या दोन छत्र्या मिळायच्या नाहीत," हेमाताई शेजारणीला सांगत. "वर्षभर वापरून न बघता ह्यांनी घरात आणलेली मी एकटीच."

त्याच पावसाळ्यात खत-औषधांच्या दुकानाचा तरुण मालक सलिल त्यांना गाठून म्हणाला, "भाऊ, आंब्याचं नवं औषध आलंय. मुळाशी ओतलं की दरवर्षी मोहोर. तुम्हाला पंधरा टक्के."

बाकीचे पाच टक्के देत. मुळ्ये म्हणाले, "ओतून बघतो."

"अहो, तोवर सगळी रत्नागिरी घेऊन मोकळी होईल!"

"होऊ दे."

ऑगस्टमध्ये त्यांनी परसातल्या हापूसच्या कलमाला औषध घातलं. हे कलम एका वर्षाआड धरायचं आणि पुढचं वर्ष खाड्याचं होतं. तरी ते असं लगडलं की फांद्यांना टेकू द्यावे लागले. वर्ष पुरं झाल्यावर, ऑगस्ट १९९९ मध्ये मुळ्यांनी पहिली चिठ्ठी लिहिली. ती भिकाजीला.

भिकाजी शाळेचा शिपाई. मुळ्यांच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर त्याची अठरा वर्षं गेली होती. पालीकडच्या गावात त्याची नऊ कलमं होती. त्याच्या बापाने कातळाला सुरुंग लावून खड्डे काढले होते आणि खालच्या मळ्यातली माती डोक्यावरून वर नेऊन ती लावली होती. नोकरी संपली की या कलमांजवळ जाऊन राहायचं, एवढंच भिकाजीच्या मनात होतं.

"नऊशे वीसची बाटली आहे. नीट विचार कर," मुळ्ये म्हणाले.

"तुमी तुमच्या झाडाला घातलंत ना?"

"घातलं."

"मग झालं तर. आता मी कशाला डोकं शिणवू?"

पुढचे दोन हंगाम भिकाजीने शाळेत पेटी आणून सगळ्यांना आंबे वाटले. मुळ्यांच्या टेबलावर तो दोन जास्त ठेवी. तीन वर्षं त्याने बाटली नेली. नंतर आंबे येईनासे झाले. मुळ्यांनी विचारलं, तर म्हणाला, "यंदा धरले नाहीत." २००३ च्या मे महिन्यात मात्र त्याने विचारलं, "भाऊ, एकदा येऊन बघाल काय?"

आपण सुचवलेली वस्तू जिथे जाते ती जागा बघायला मुळ्ये पहिल्यांदाच निघाले होते. पाच कलमं वाळली होती. उरलेल्यांची पालवी बोटाएवढी राहिली होती आणि साल फुटून डिंक गळत होता. पायाखाली काळा कातळ तापला होता. मुळ्यांना आपलं परस आठवलं. तिथल्या झाडाला हातभर खोल माती होती आणि न्हाणीघराचं पाणी बारा महिने त्याच्या मुळाशी जात होतं. इथे प्रत्येक मूळ दगडातल्या एका खड्ड्यात अडकलेलं. कातळावरच्या झाडाला निम्मीच मात्रा द्यावी आणि दरवर्षी देऊ नये, असं बाटलीबरोबरच्या कागदावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. मुळ्यांनी ते वाचलं होतं. आपल्या झाडाला लागू नाही, म्हणून सोडून दिलं होतं.

"पानं बारीक झाली तेव्हाच का नाही बोललास?"

"तुमचं झाड बरं होतं ना, भाऊ. मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं." भिकाजी एका वाळक्या खोडावर हात ठेवून उभा होता. "आता यावर काय असेल ते सांगा. चिठ्ठी द्या, उद्याच आणतो."

मुळ्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. भिकाजीच त्यांना म्हणाला, "उन्हात उभे राहू नका, चला, पाणी घ्या."

त्यानंतर मुळ्यांनी कोणालाही चिठ्ठी दिली नाही. औषधावरचं कमिशन मात्र ते घरोघर जाऊन परत देऊ लागले.

"ज्यांची झाडं बरी आहेत त्यांनाही?" हेमाताईंनी विचारलं.

"त्यांनाही."

बाकी सगळ्यांनी घेतलं. भिकाजीने पाकीट उघडलंसुद्धा नाही. "हे घेतलं तर तुमच्यावर रागावल्यासारखं होईल. मी रागावलेलो नाही, भाऊ."

दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीसारखी घंटा दिली, नेहमीसारखा चहा आणून ठेवला. पण मुळ्यांना त्याच्याकडे सरळ बघता येत नसे. २००६ साली तो निवृत्त होऊन गावी गेला. तोपर्यंत नऊही कलमं तोडून झाली होती. निरोपाच्या दिवशी मुळ्यांनी पुन्हा पाकीट पुढे केलं आणि त्याने पुन्हा हात जोडले.

तीन बाटल्यांवरचे ते ४१४ रुपये भिकाजीला द्यायचे राहिले आहेत.