गच्चीचा न कापलेला कोपरा

माळीदादांबद्दल हेडक्लार्कना फारसं काही ठाऊक नव्हतं. बारा वर्षं एकाच इमारतीत काढूनही दादांना मुलं किती, हे त्यांना सांगता आलं नसतं. नीट आठवते ती एकच सकाळ.

कचेरीच्या गच्चीवर माती पसरून गवत लावलं होतं. मोठे साहेब तपासणीला येणार होते आणि एक कोपरा मात्र रानासारखा माजला होता. हेडक्लार्क तणतणत वर गेले.

"काय दादा, हा कोपरा जावयासाठी राखून ठेवलाय का?"

"भाऊसाहेब, पुढं पाऊल टाकू नका!"

बुटापासून वीतभर अंतरावर, गवताच्या कडेला पडलेल्या खड्यांत खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी होती. वर टिटवी किंचाळत घिरट्या घालत होती.

"अहो, चौथ्या मजल्यावर? पिल्लं खाली उतरणार कशी?"

"उतरायचंय कुणाला? पंख फुटेपर्यंत इथंच राहणार. आई काही भरवत नाही त्यांना. गवतातले किडे स्वतःच टिपतात. गवत कापलं तर उपाशी मरतील."

हेडक्लार्क गुडघ्यांवर बसून बराच वेळ अंडी बघत राहिले.

तपासणीत साहेबांनी त्या कोपऱ्याकडे बोट दाखवलंच. त्यांच्यासमोर कधी तोंड न उघडणारे हेडक्लार्क चाचरत म्हणाले, "तो मुद्दाम वाढवलाय, सर. मीच सांगितलं."

पुढे दादांची बदली झाली आणि भेट राहूनच गेली. त्याआधी जिन्यात शेवटचं बोलणं झालं ते एवढंच:

"चौथं पिल्लूही उडालं बरं का सकाळी," दादा म्हणाले.

"मग आता कापणार गवत?"

"उद्या बघू. आज गुडघा धरलाय."