प्रेमाकाकूंचा पाण्याचा नकाशा

सांगलीत वाढलेल्या माणसाला पूर म्हटलं की नदी आठवते. नदी फुगते, घाटाच्या पायऱ्या बुडत जातात, लोकांना सामान हलवायला वेळ मिळतो. लग्न होऊन बंगळुरात आल्यावर प्रेमाकाकूंनी हा विषय डोक्यातून काढून टाकला, कारण या शहराला तशी नदीच नाही. पती पद्माकर सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. मुलगा परदेशी गेला आणि काकूंनी जयनगरच्या पलीकडे एका तळमजल्यावर पाळणाघर सुरू केलं. पुण्या-नागपूरकडून आयटीत आलेल्या जोडप्यांची मुलं तिथे दिवसभर असत. मुलांच्या कानावर मराठी पडते, यावर आईबाप खूश असत.

एका सप्टेंबरात, दुपारी मुलं झोपलेली असताना, न्हाणीघराच्या जाळीतून काळं पाणी वर आलं. बाहेर पाऊस थांबलासुद्धा होता. काकूंनी आणि मदतीला असलेल्या विठाबाईंनी मुलं उचलून टेबलावर, ओट्यावर, जिथे जागा मिळेल तिथे बसवली. कुणाला काही झालं नाही. पण त्यानंतर मुलं सतरंजीवर झोपली की काकू सारख्या उठून न्हाणीघराची जाळी बघून येत. त्यांनी जागा बदलायचं ठरवलं.

जो तो घरमालक सांगे, इथे कधीच पाणी आलेलं नाही. जुन्या मालकानेही हेच सांगितलं होतं. तेव्हा पाळणाघरातल्या निहारच्या आईने, शाल्मलीने, काकूंना सुचवलं की सरकारच्या संकेतस्थळांवर गावांचे जुने नकाशे आहेत, पावसाच्या नोंदी आहेत, कुणालाही बघता येतात. शाल्मली डेटाचंच काम करायची. तिने लॅपटॉपवर कुठे काय सापडतं ते दाखवून दिलं, पुढचं काकूंनी स्वतः केलं. पहिले काही दिवस कन्नड अक्षरं लावण्यातच गेले. बोलणं जमत होतं, वाचताना त्या अडखळत.

नकाशावर आजचे रस्ते नव्हते. शेतं होती, तळी होती आणि एका तळ्याचं पाणी दुसऱ्यात नेणारे राजकालुवे, म्हणजे मोठे नाले होते. काकूंनी त्यावर आजच्या गल्ल्या बसवल्या, महापालिकेने जाहीर केलेली पाणी तुंबण्याची ठिकाणं मांडली. उंचीच्या रेषा कशा वाचायच्या ते पद्माकरांनी शिकवलं. काकूंचं पाळणाघर बरोबर एका नाल्याच्या रेषेवर बसलं होतं. रागवावं असं समोर कुणी नव्हतं.

शेवटी त्यांनी चढावरच्या नंजुंडप्पांच्या घराचा पहिला मजला घेतला. अंगण नाही, जिना चढावा लागतो, म्हणून काही आईबापांनी मुलं काढून नेली. शाल्मली मात्र राहिली. ती स्वतः भाड्याचं घर शोधत होती. नव्या पाळणाघराजवळच्या पाचव्या क्रॉसवर, म्हणजे पाचव्या आडव्या गल्लीत, तिला तळमजल्याचं एक घर आवडलं होतं. तिने काकूंना नकाशा बघायला सांगितला. काकूंनी दोनदा बघितला. ना नाला, ना तळं, ना महापालिकेची नोंद. "घे," त्या म्हणाल्या.

पुढच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ढगफुटीसारखा पाऊस झाला. नंजुंडप्पांच्या घरासमोरून पाणी नुसतं वाहून गेलं. पाचव्या क्रॉसवर मात्र ते साचलं आणि शाल्मलीच्या घरात गुडघाभर शिरलं. निहार त्या वेळी काकूंकडेच होता. शाल्मलीचा फोन आला, आज त्याला ठेवून घ्याल का, एवढंच ती बोलली.

दुसऱ्या दिवशी काकू आणि पद्माकर तिकडे गेले. गल्लीच्या टोकाला एका रिकाम्या प्लॉटभोवती नवी भिंत उभी होती. रस्त्याकडेची गटार तिच्या पायाशी येऊन संपत होती. पद्माकरांनी भिंतीला हात लावून पाहिला. नकाशा जुना आहे, नंतर कुणी काय बांधलं ते त्याला ठाऊक नाही, असं त्यांनी शिकवतानाच बजावलं होतं.

शाल्मली गाद्या उन्हात टाकत होती.

"मी सांगितलं म्हणून तू हे घर घेतलंस," काकू म्हणाल्या.

"काकू, तुम्ही सांगितलं नसतं तरी घेतलं असतं," शाल्मली म्हणाली. मग गादी उलटत, "पण तुम्ही सांगितल्यावर मी भाड्याच्या करारापलीकडे काही बघितलं नाही, हेही खरं."

काकूंनी पदर खोचला आणि गादीचं दुसरं टोक धरलं.

शाल्मलीने महिन्याभरात त्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर घेतलं. काकूंनी महापालिकेकडे भिंतीची तक्रार केली, जुना नकाशा आणि त्या दिवसाची पर्जन्यमापकाची नोंद जोडून. तेव्हापासून जोराचा पाऊस पडून गेला की त्या छत्री घेऊन गल्ल्यागल्ल्यांतून फिरतात, नवं काय बांधलं ते बघतात. अजूनही लोक घर घेण्याआधी त्यांना विचारतात. त्या नकाशा बघतात, दिसतं ते सांगतात आणि म्हणतात, पाऊस पडून गेल्यावर स्वतः एकदा जाऊन ये.

महापालिकेच्या कचेरीत बऱ्याच फेऱ्या मारल्यावर पाचव्या क्रॉसवरच्या भिंतीला खाली पाणी जायला एक भोक पाडण्यात आलं. ते पुरेसं आहे की नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. तसा पाऊस त्यानंतर झालेला नाही.